चौकटीबाहेरचा सूर्य

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या ‘मूनराइझ, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको’ या कृष्णधवल छायाचित्रात चंद्र तसा लहानसाच आहे. अर्ध्याहून अधिक चित्र काळ्या आकाशाने व्यापलेलं. त्याखाली ढगांचा आडवा पांढरा पट्टा, ढगांच्या तळाशी बर्फ ल्यालेली शिखरं, मग मातीची बुटकी घरं, एक छोटं चर्च, दफनभूमीतले क्रूस आणि सगळ्यात पुढे खुरटी झुडपं. शीर्षकात चंद्रोदय असल्याने नजर आधी वर जाते. पण हे चित्र उलगडतं ते खालून, त्या क्रूसांपासून.

क्रूस इतके पांढरेशुभ्र का? चंद्राच्या उजेडाने ते तसे झळाळणं शक्य नाही. शिवाय चंद्र त्यांच्या मागे आहे आणि उजेड पुढून पडलेला आहे. तो उजेड मावळत्या सूर्याचा. सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी, पश्चिम क्षितिजाला टेकत आलेला. चित्रातले चार पांढरे पाहा: चंद्र, ढग, बर्फ, क्रूस. चौघांवरही ऊन एकाच सूर्याचं, आणि तो सूर्य मात्र चौकटीत नाही. नाव चंद्रोदयाचं आणि चित्र सूर्यास्ताचं, ही या कलाकृतीची सगळ्यात मोठी गंमत मला वाटते. सूर्य मावळण्याआधीच चंद्र एवढा वर आलेला दिसतो तो पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी; आपल्या पंचांगाच्या हिशेबाने शुद्ध त्रयोदशीच्या आसपास. अ‍ॅडम्सला स्वतःच्या चित्राची तारीख कधीच नीट आठवली नाही, साल सांगतानाही तो घोटाळायचा. पुढे डेनिस डी चिको या खगोल-अभ्यासकाने चंद्राच्या स्थानावरून गणित मांडलं आणि १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळी ४ वाजून ४९ मिनिटं अशी वेळ काढली.

त्या दिवशी अ‍ॅडम्स चामा खोऱ्यातून मनासारखं काही न मिळता परतत होता. गाडीत मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट. रस्त्यावरून हे दृश्य दिसलं, गाडी कडेला घातली, आणि ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा ट्रायपॉडवर चढवण्याची धांदल उडाली. लाइट मीटर काही सापडेना. ऊन तर क्रूसांवरून निघण्याच्या बेतात.

इथे अ‍ॅडम्सने जे केलं ते प्रत्येक हौशी छायाचित्रकाराने एकदा कागदावर सोडवून पाहावं. चंद्र टिपायला गेलं की पदरी पांढरा ठिपका पडतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आजूबाजूचा अंधार पाहून कॅमेरा जास्त उजेड आत घेतो. चंद्र म्हणजे भर उन्हातला एक खडक आहे, हे त्याला कळत नाही. अ‍ॅडम्सला ते पक्कं ठाऊक होतं. चंद्राची तेजस्विता प्रति चौरस फूट २५० कॅन्डल, हा आकडा त्याला पाठ होता. निखळ काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत ० ते १० अशा पायऱ्या मांडणारी, दर पायरीला उजेड दुप्पट धरणारी ‘झोन सिस्टिम’ त्याने फ्रेड आर्चरच्या साथीने नुकतीच बसवली होती. मधली पायरी पाचवी. चंद्र सातव्या पायरीवर ठेवला, म्हणजे तो उजळ राहील, पण त्यावरचे डाग पुसले जाणार नाहीत. दोन पायऱ्यांचा फरक म्हणजे चौपट. २५० चा चौथा हिस्सा साधारण ६०. फिल्मचा वेग ६४, त्याचं वर्गमूळ ८. छिद्र या वर्गमुळाएवढं ठेवलं की मधल्या पायरीचा आकडाच सेकंदाचा छेद होतो, म्हणून एफ ८ ला एक साठांश सेकंद. भिंगावर गडद पिवळा फिल्टर, तो दोन तृतीयांश उजेड खातो, म्हणून एक विसांश. जवळची झुडपं आणि दूरची शिखरं दोन्ही रेखीव हवीत म्हणून एफ ३२. तिथे उजेड सोळापट कमी. उत्तर आलं सुमारे एक सेकंद. शटर उघडलं, मिटलं. दुसऱ्या निगेटिव्हसाठी फिल्मचा होल्डर उलटा करेपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं होतं.

या चित्राची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात, आणि नशीब, चपळाई यांचं कौतुक करतात. मला चित्राचा उत्तरार्ध अधिक मोठा वाटतो. हिशेब चंद्राचा होता. जमिनीला किती उजेड लागेल हे पाहायला सवडच नव्हती. निगेटिव्हमध्ये खालचा भाग फार विरळ उतरणार हे ओळखून अ‍ॅडम्सने ती डेव्हलपर आणि साधं पाणी यांत आलटून पालटून ठेवत सावकाश धुतली. तरी प्रिंट काढणं जिकिरीचंच. अखेर १९४८ मध्ये त्याने त्या एकुलत्या एका निगेटिव्हच्या खालच्या भागावर रासायनिक प्रक्रिया करून तो दाट केला. हात चुकला असता तर चित्र कायमचं गेलं असतं.

अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायला निघाला होता. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे तिचं वादन, असं तो मानत असे. आपण बंदिश आणि गायकी म्हणू. ही एकच बंदिश त्याने उरलेल्या आयुष्यात हजाराहून जास्त वेळा कागदावर मांडली, आणि वयाबरोबर मांडणी बदलत गेली. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश करडं आहे, त्यात फिकट ढगांच्या रेघा दिसतात. मग दर दशकात वरच्या भागाला डार्करूममधला उजेड जास्त वेळ देत त्याने आकाश गडद केलं. १९७०च्या दशकातल्या प्रिंटांत ते जवळजवळ निखळ काळं आहे आणि त्या रेघा बुडाल्या आहेत.

त्या संध्याकाळी आकाश असं काळं नव्हतंच. ऊन असताना ते कसं असेल? हा आक्षेप रास्त आहे, आणि तरीही मी उशिराच्या प्रिंटांच्या बाजूने आहे. करड्या आकाशाखाली क्रूसांवरचं ऊन ही संध्याकाळची एक साधी नोंद राहते. आकाश काळं झालं की त्याच उन्हाचा उगम दिसेनासा होतो, पाहणारा तो शोधू लागतो, आणि शोधता शोधता स्वतः अ‍ॅडम्सच्या जागी, सूर्याकडे पाठ करून उभा राहतो. एवढ्यासाठी ढगांच्या त्या रेघा गमावणं मला मंजूर आहे, जरी जुन्या प्रिंटांतली हवा त्यांनीच भरून ठेवली होती. दोन्ही काळांतले प्रिंट शेजारी छापलेलं पान मिळालं तर आधी आकाशावर हात ठेवून फक्त खालचा तिसरा हिस्सा पाहा. चर्चची भिंत, घरांची छपरं, झुडपांचे शेंडे यांत किती तऱ्हेचे करडे आहेत ते मोजा. मोबाइलच्या पडद्यावर हे जमत नाही. तिथे क्रूस टिंबांएवढे होतात आणि उरतो तो नुसता चंद्र.