भाच्याचं भंगार

आमच्या भाच्याला दोन व्यसनं आहेत. एक गड चढण्याचं, दुसरं जुने संगणक जमवण्याचं. पहिल्याने गुडघे जातात, दुसऱ्याने घरातली जागा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फेरी मारून तो जे घरी आणतो त्याला तो 'संग्रह' म्हणतो. आमची ताई दुसरा शब्द वापरते. तो वर मथळ्यात दिलेलाच आहे.

मध्यंतरी तो मला जुन्नरहून घाटघरला घेऊन गेला. नाणेघाटाच्या गुहेत शिलालेखासमोर उभं करून म्हणाला, "मामा, हा बघा हिशेब!" नागनिका राणीचा, सातवाहनांच्या काळातला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणं यांची चोख मोजदाद. एके ठिकाणी २४,४०० कार्षापणं आहेत. पण शून्य कुठेच नाही. वीस हजारांची एक खूण, चार हजारांची दुसरी, चारशेची तिसरी.

"म्हणजे यातही खोट आहेच की!" मी म्हटलं.

"खोट नाही, मर्यादा. आणि ती दगडावर उघडी आहे. आमच्या चिपांचं तसं नसतं."

मग गुहेतच त्याचं कीर्तन सुरू झालं. पूर्वरंगात मोटोरोलाची ६८०००, सन १९७९ ची. हिला हवं ते पान स्मृतीत सापडलं नाही, की अर्धवट राहिलेलं काम पुन्हा धडपणे सुरू करता येत नसे. अपोलो कंपनीने १९८१ च्या आपल्या वर्कस्टेशनमध्ये मग अशा दोन चिपा बसवल्या. एक अडली की तिने स्तब्ध उभं राहायचं, दुसरीने जाऊन पान आणून द्यायचं. आमच्या घरात चष्मा हरवल्यावर हीच पद्धत आहे; फक्त तिला कोणी वर्कस्टेशन म्हणत नाही. १९८२ च्या ६८०१० ने ती खोट दूर केली.

उत्तररंगात इंटेल. ३८६ चिपेच्या काही नगांना बत्तीस बिटी गुणाकार नीट जमेना, हे १९८७ मध्ये उघड झालं. तपासणीत नापास झालेल्या नगांवर 'फक्त १६ बिटी कामासाठी' अशा अर्थाचा शिक्का बसला. नापासाचा शिक्का कपाळावर घेऊन विकायला बसणं, याला धैर्य लागतं. १९९४ च्या पेंटियमला ते नव्हतं. भागाकाराच्या तक्त्यातली पाच घरं रिकामी राहिली होती. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं, की उत्तर चौथ्या दशांशस्थळापासून चुकायचं. कंपनी म्हणाली, सामान्य माणसाला अशी चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल; अगदीच गरज दाखवलीत तर चिप बदलून देऊ. लोक खवळले, तेव्हा डिसेंबरात सर्वांना बदलून देणं आलं. खर्च ४७ कोटी ५० लाख डॉलर!

इतकं ऐकल्यावर माझ्यातला टीकाकार जागा झाला. घरी येऊन त्याचं कपाट उघडलं. प्रत्येक यंत्राला सुबक चिठ्ठी: नाव, साल, वेग. खोटेचा उल्लेख एकाही चिठ्ठीवर नाही! लग्नाच्या स्थळांची यादीच जणू. मी म्हटलं, "अरे, तू गुहेत जे सांगितलंस ते इथे कुठे आहे? उद्या तू नसलास तर उरेल तो पत्राच. रद्दीवाला त्याचे किलोवर पैसे देईल, आणि ताईचा शब्द खरा ठरेल."

तो गप्प झाला. नाणेघाटाच्या लेखाचे काही तुकडे उडून गेले आहेत. तिथे किती गाई होत्या हे आज कोणाला विचारायचं?

रात्री दिवा लावून तो नव्या चिठ्ठ्या लिहीत बसला. सकाळी पाहतो तो पहिल्याच यंत्रावर: 'दोष: पान सापडलं नाही तर थांबते. उपाय: जोडीदार.'

ताईने ती वाचली. मग तिने स्वतःच्या हाताने खाली एक ओळ वाढवली: 'कपाटातली जागा संपली आहे.'