श्रेय विणीचें कीं चित्राचें?

अमेरिकेंतील पोर्टलंड येथील जँट्झेन कारखान्यानें, आपल्या लोंकरी पोशाखामुळें डुंबण्याचें पोहणें झालें, अशी जाहिरात केली होती. ही बढाई कितपत खरी? स्वेटरच्या मनगटाशीं असते ती ताणणारी वीण कारखान्यानें १९१३ सालीं एका वल्हेकऱ्याच्या चड्डीसाठीं योजिली. तीच पुढें पोहण्याच्या पोशाखास लाभली. पूर्वींच्या घोळदार वस्त्रापेक्षां हालचाल सुलभ झाली, हें निर्विवाद आहे. परंतु भिजलेली लोंकर जड होऊन लोंबे, याविषयीं सूर मारणाऱ्या तरुणीचें तें प्रसिद्ध जाहिरातचित्र मौन धरतें. १९३० नंतर विणींत रबराचा धागा आला, तेव्हां कोठें हा दोष पुष्कळसा कमी झाला. स्त्रीचें पोहणें चित्रानें लोकांस रुचविलें असेल. तिचे हातपाय मोकळे केले ते विणीनेंच. श्रेय देतांना हा भेद विसरूं नये.