रूटलेस कंटेनर आणि मालकीचा प्रश्न
रूटलेस पॉडमनमध्ये पोस्टग्रेसला होस्टवरील डिरेक्टरीत लिहिता आले नाही, की सर्वांस मुक्तद्वार देणारी ७७७ ही परवानगी सुचविली जाते. हे निदान सदोष होय. प्रश्न परवानगीचा नसून मालकीचा आहे. सबयूआयडीचा आरंभ १००००० पासून असल्यास कंटेनरातील वापरकर्ता ९९९ होस्टवर १००९९८ ठरतो. डिरेक्टरी मात्र कंटेनर चालविणाऱ्या १००० च्या नावावर असते. पोस्टग्रेस आरंभीच मालक पडताळते व ०७०० किंवा ०७५० हून सैल परवानगी नाकारते. म्हणजे ७७७ ने सुरक्षितता जाते, कार्यही साधत नाही. ‘पॉडमन अनशेअर’द्वारे मालकी ९९९ कडे सोपविणे हाच युक्त मार्ग. त्यानंतर १००० ला ती डिरेक्टरी थेट वाचता येत नाही, हे खरे. परंतु ज्या विलगतेसाठी ही रचना स्वीकारली, तिचेच ते फळ होय.