अगदी फोटोसारखे!

गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेच्या सभागृहात निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या १२ जलरंगचित्रांचे प्रदर्शन भरले होते. विषय जपान. मास्तर जपानला कधी गेलेले नाहीत. त्यांचा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीला आहे. हिंडताना मोबाईलवर काढलेले फोटो त्याने पाठवले आणि मास्तरांनी त्यांवरून चित्रे केली. गावाने तोंड भरून कौतुक केले. जो येई तो म्हणे, "अगदी फोटोसारखे!" मास्तर मान डोलवत, पण चेहरा काही खुलत नव्हता.

मला मात्र माझी एक जुनी चूक आठवली. २८ वर्षांपूर्वी, नोकरीला नुकताच लागलो असताना, शाळेच्या चित्रस्पर्धेत मी एका मुलाचे चित्र बाद केले होते. कॅलेंडरवरच्या फोटोवरून काढले आहे, एवढेच कारण. नक्कल ती नक्कल, असा माझा खाक्या. मुलाने चित्राची गुंडाळी केली आणि काही न बोलता निघून गेला. त्या चित्रात काय होते, हे मी नीट पाहिलेही नव्हते. फोटोवरून काढले का, हा प्रश्नच मुळी चुकीचा. फोटोत नव्हते असे चित्रात काय आले, हे विचारायला हवे होते.

जपानच्या बाबतीत हा प्रश्न दीडशे वर्षांचा आहे. १८५७ च्या उठावानंतर लखनौची पडझड कॅमेऱ्यात टिपणारा फेलिचे बेआतो १८६३ साली योकोहामाला पोचला. त्याच्या एकरंगी फोटोंवर तिथले चित्रकार हाताने रंग भरत आणि परदेशी लोक ते आठवण म्हणून विकत घेत. काम नाजूक, हात तयार; पण रंग फोटोची रेषा ओलांडत नसे. तो सजवलेला फोटोच राही.

१८८६ साली जॉन ला फार्ज हा अमेरिकन चित्रकार हेन्री अ‍ॅडम्स या लेखकमित्राबरोबर जपानला गेला. अ‍ॅडम्सजवळ कॅमेरा होता. ला फार्जची जपानची बरीच चित्रे परतल्यावर, स्केचेस आणि छायाचित्रे समोर ठेवून झालेली आहेत. त्यांतले कामाकुराच्या महाबुद्धाचे जलरंगचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मी ते छापील रूपातच पाहिले आहे. १३ व्या शतकातील ती ब्राँझची मूर्ती ११ मीटरहून उंच, उघड्या आभाळाखाली बसलेली. ला फार्ज ती पुजाऱ्याच्या बागेतून दाखवतो. फोटोत रंग नव्हताच. तो त्याला स्वतःच्या आठवणीतून आणावा लागला. हा माणूस रंगीत काचांच्या खिडक्या घडवणारा. प्रकाश ज्यातून आरपार जातो असा रंग त्याच्या हाताला ठाऊक. म्हणून एवढा धातू, पण त्याचे ओझे डोळ्यांना होत नाही. फोटो जिथे कमी पडला, नेमके तिथे चित्र सुरू झाले.

आजच्या मोबाईलच्या फोटोत काही कमी आहे असे वाटतच नाही, आणि धोका तिथेच आहे. कमी असते, पण ते लपलेले. मोबाईलची रुंद भिंग जवळचे मोठे करते आणि दूरचे मागे ढकलते. ३,७७६ मीटर उंचीचा फुजी डोळ्यांना केवढा वाटतो, आणि फोटोत तो टेकडीएवढा होऊन बसतो. मास्तरांच्या फुजीचे तेच झाले आहे. होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रातही फुजी चिमुकलाच आहे. पण तो त्याने जाणून लहान केला, लाट अंगावर यावी म्हणून. मास्तरांचा फुजी भिंगाने लहान केला. दोन्हींत फरक आहे.

आपण सीमाभागातली माणसे, आपल्याला हे सहज कळावे. कानडी माणूस निरोप घेताना "होगि बर्तीनि" म्हणतो. त्याचे शब्दशः "जाऊन येतो" केले, तर घरधनीण चहाचे आधण ठेवून वाट पाहत बसेल. आपण नुसते "येतो" म्हणतो. एक शब्द गळतो, निरोप मात्र पुरा पोचतो. फोटोवरून चित्र करणे हेही भाषांतरच, आणि काय गाळावे हे कळणे त्यात निम्मे काम आहे.

मास्तरांच्या १२ चित्रांपैकी १० मला शब्दशः वाटली. सावल्या फोटोत काळ्या येतात म्हणून चित्रातही काळ्या. प्रत्यक्षात सावलीला निळसर, जांभळट अंग असते, हे मास्तरांनीच आम्हाला शिकवलेले. पण एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले. पावसातले लहानसे स्टेशन, फलाटावर एकच छत्री. मूळ फोटो हलला होता, मास्तर सांगत होते. त्यात धड काहीच दिसत नव्हते. मग त्यांनी पाऊस आपल्याकडचा घातला, आषाढातला. चित्र मात्र जपानचेच राहिले.

प्रदर्शन आवरताना मी हे सारे त्यांना सांगितले. ते रागावतील अशी धास्ती होती. ते नुसते म्हणाले, "हेडमास्तर, हे कुणीतरी बोलायला हवं होतं." हल्ली ते कामाकुराचा बुद्ध पुन्हा काढत आहेत. फोटो कुठे आहे, असे विचारले, तर म्हणाले, "खणात टाकून दिलाय."

तो स्पर्धेतला मुलगा आज कुठे आहे, मला माहीत नाही. हे चार शब्द त्याच्या दृष्टीस पडले, तर बरे होईल.