कर्क्युमिन घेताय? आधी रिकाम्या वेल्स बघा

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीकडच्या विद्यार्थ्याला पीएचडीसाठी कर्क्युमिन सुचणं साहजिकच आहे. पण सिनॉप्सिस लिहायच्या आधी कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांचा 2017 चा ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधला समीक्षालेख वाचाच.

या लेखाची ताकद चाचण्यांच्या उलटतपासणीत आहे. कर्क्युमिन मुळात पिवळं; 425 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, वर स्वतः चमकतंही. मग फ्लुरोसन्स वाढला तो पेशीत काही घडलं म्हणून, की नुसती हळदच चमकली? एमटीटीचंही तेच. जांभळा रंग जिवंत पेशींनी आणायचा असतो, पण काही अँटिऑक्सिडंट पेशी नसतानाही तो आणतात. म्हणून फक्त माध्यम, कर्क्युमिन आणि एमटीटी अशा वेल्स प्लेटमध्ये हव्यातच. त्यात 1997 सालीच वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की 37 अंशांना, 7.2 पीएचला, सीरम नसलेल्या माध्यमात सुमारे 90 टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होतं. मग 24 तासांनी मोजलेला परिणाम नेमका कशाचा? वीस वर्षं हा प्रश्न टाळून पेपर छापले गेले, हे जास्त गंभीर.

मला खटकतो तो ‘पेन्स’ हा शिक्का, म्हणजे चाचण्यांना चकवणारे रेणू. शिक्का रेणूच्या रचनेवरून बसतो. चकवा मात्र चाचणीगणिक बदलतो. गाईड ‘पेन्स आहे, सोडून दे’ म्हणाले, तर पेशी नसलेल्या वेल्सचे आकडे त्यांच्यापुढे ठेवा, मग बोला.