विमान ओळखणं म्हणजे आधी नाही म्हणणं

(महाड इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

महाड-पोलादपूरच्या माणसांसमोर जुन्या विमानांच्या फोटोंवर बोलायचं, तर कुणी म्हणेल, इथे विमानतळ कुठे आहे? विमानतळ नाही, पण फौजी घराघरात आहेत. फौजी आंबवडे तर आपल्या महाड तालुक्यातलंच गाव. त्यामुळे ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले फोटो आपल्याकडे भरपूर. आज मला बोलायचंय ते फोटोंखाली आपण जे लिहितो त्यावर. टीकाच करणार आहे, आधीच सांगतो.

पोलादपूरकडच्या एका घरात मला एक फोटो दाखवला. गणवेशातले आजोबा, मागे मोठं विमान. पाठीमागे निळ्या शाईत लिहिलेलं, ‘श्रीनगर, 1947’. फोटो आजोबांचा, अक्षर मुलाचं. घरात तो फ्रेम करून लावायचा होता.

आता विमान बघा. पंख अंगाच्या वरच्या बाजूला, दोन इंजिनं, आणि मागे एक शेपूट नाही, तर दोन लांब दांडे आणि ते जोडणारी आडवी पट्टी. हे फेअरचाइल्ड कंपनीचं पॅकेट विमान. एकदा बघितलं की विसरत नाही. आणि पॅकेट आपल्या हवाई दलात आलं 1954 साली. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला सैनिक उतरले ते डाकोटा विमानांतून. डाकोटाचे पंख खाली, शेपूट एकच, आणि जमिनीवर उभं असताना नाक वर, शेपूट खाली. दोघांत गल्लत व्हायला जागाच नाही.

म्हणजे मजकूर चुकला. मी सांगितलं तेव्हा त्या घरातल्या काकांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “म्हणजे आमचे बाबा खोटं बोलले?” मंडळी, आजचा खरा प्रश्न हा आहे. बाबा काहीच बोलले नव्हते हो! लिहिलं मुलानं, ऐकीव आठवणीवरून. फोटो खरा, माणूस खरा, नोकरी खरी. उलट या विमानामुळे आपल्याला नवीन काहीतरी कळलं. आजोबा 1954 नंतरही नोकरीत होते. ही पॅकेट विमानं 1962 च्या आगेमागे लडाखला रसद पोहोचवत होती. मग आजोबा तिकडे होते का? हा शोध आता सुरू होऊ शकतो. चुकीच्या मजकुरानं तो दरवाजा बंद करून ठेवला होता.

यातून पहिला नियम. विमान ओळखणारा माणूस आधी नाव सांगत नाही. तो आधी काय असू शकत नाही ते सांगतो. जे यंत्र त्या सालात जन्मालाच आलं नव्हतं, ते त्या सालच्या फोटोत असणार नाही. एवढं साधं आहे. पण आपण उलटं करतो. गोष्ट आधी ठरवतो, मग तिला शोभेल असा फोटो शोधतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हेच होतं. जे.आर.डी. टाटांचं उदाहरण घ्या. 15 ऑक्टोबर 1932 ला ते कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, टपाल घेऊन आले. विमान होतं पुस मॉथ. पुढे नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. आता या प्रसंगाचा म्हणून मोबाइलवर जो फोटो मला पुनःपुन्हा येतो, त्यात वैमानिक पांढऱ्या केसांचा आहे. जे.आर.डी. जन्मले 1904 साली. 1932 ला ते 28 वर्षांचे. हा फोटो आहे 1982 चा. पन्नास वर्षं झाली म्हणून वयाच्या 78 व्या वर्षी त्यांनी तीच फेरी पुन्हा केली, तेव्हाचा. आणि विमान? ते लेपर्ड मॉथ. त्याचं पहिलं उड्डाणच मुळी 27 मे 1933 चं. मग ते 1932 मध्ये कुठून येणार?

कुणी म्हणेल, मॉथ ते मॉथ, एवढं काय त्यात? दिसायला भावंडंच आहेत, कबूल. दोन्ही एका इंजिनाची, बंद केबिनची, वर पंख असलेली. पण पुस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, लेपर्डचं अंग प्लायवूडचं. पुस मॉथचा पंख मुळापासून टोकाकडे बराचसा सारख्या रुंदीचा, लेपर्डचा निमुळता होत गेलेला. फोटो जरा मोठा करून पंख बघा, कळतं. आणि हा किस काढायचा कशासाठी? तर 28 व्या वर्षीचं धाडस आणि 78 व्या वर्षीचं धाडस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुकीच्या मजकुरानं आपण दुसरी पुसून टाकतो.

आता अवघड जागी येतो. शिवकर बापूजी तळपदे. 1895 ला गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. 2015 साली त्यावर ‘हवाईजादा’ हा हिंदी सिनेमाही आला. या गोष्टीबरोबर एक चित्र फिरतं. मजले असलेलं, शंकूसारखं वर निमुळतं होत जाणारं यंत्र. ते चित्र ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातलं आहे. तो ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 या काळात सांगितला आणि त्यातली चित्रं 1923 मध्ये बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समननं काढली. तळपदे तोवर हयातही नव्हते. म्हणजे 1895 च्या विमानाचं चित्र म्हणून ते बाद. इथेही तोच नियम, सालाचा.

1974 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी हा ग्रंथ तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रंथ 1904 च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत. तळपद्यांनी शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली काही यंत्रं केली, पण ती उडाली नाहीत, अशी माहितीही त्याच अभ्यासात आहे.

पण थांबा. टीका एकाच बाजूवर केली तर ती टीका नव्हे. दुसऱ्या बाजूचे लोक काय करतात? चित्र खोटं ठरलं की तळपद्यांनाच भोंदू ठरवून मोकळे होतात. हेही चूक. चित्र बाद झालं म्हणजे फक्त चित्र बाद झालं. मुंबईतला एक मराठी माणूस स्वतःच्या हिमतीवर उडण्याच्या ध्यासानं झटला, ही गोष्ट त्यानं खोटी होत नाही. ‘उडवलं’ म्हणायला पुरावा लागेल, ‘प्रयत्न केला’ म्हणायला कमीपणा का वाटावा? खोटं चित्र लावून आपण त्या प्रयत्नाचाच अपमान करतो. उद्या कुणी चित्र खोडलं की माणूसही खोडला जातो.

शेवटी आपल्या दारात येतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा पूल गेला, दोन एसट्या वाहून गेल्या. नंतरचे दिवस नदीवर हेलिकॉप्टरं घिरट्या घालत होती. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या फोनमध्ये ते फोटो असतील. त्यात तटरक्षक दलाचं चेतक होतं, नौदलाचं सी किंगही होतं. चेतक लहान, तीन चाकांचं, शेपटीचा दांडा झाकलेला. त्याचंच भावंड चीता. त्याला चाकांऐवजी खाली दोन घसरपट्ट्या आणि शेपटीला उघडी जाळी. सी किंग मोठं, डोक्यावर पाच पाती आणि पोट होडीसारखं. पुढे 2021 च्या जुलैत महापूर आला, तळीयेची दरड कोसळली. तेव्हाचेही फोटो आहेत.

आज कुणाला विचारलं तर सांगाल, हा पुलाच्या वेळचा, हा पुराच्या वेळचा. तीस वर्षांनी कोण सांगणार? तुमचा नातू दोन्ही एकत्र करील आणि खाली वाट्टेल ते लिहील. मग माझ्यासारखा कुणीतरी येऊन त्याला म्हणेल, बाळा, हे चुकलं. आणि त्याचा चेहरा उतरेल.

म्हणून एवढंच करा. फोटोवर तारीख लिहा, जागा लिहा, कुणी काढला ते लिहा. विमानाचं नाव माहीत नसेल तर लिहू नका, ते यंत्र स्वतः सांगतं. जे फक्त तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं लिहा. आणि हो, त्या पोलादपूरच्या काकांनी फोटो फ्रेम केला. पाठीमागचं ‘1947’ खोडलं नाही, त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘विमान पॅकेट, म्हणजे 1954 नंतर. जागा शोधायची आहे.’ इतका प्रामाणिक मजकूर मी फार थोड्या फोटोंवर वाचला आहे.