लाल रंगाचा दोष किती? ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’कडे संशोधक म्हणून बघताना

‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ ही साइट तुम्ही अजून बघितली नसेल, तर आज थोडा वेळ काढून बघाच. अमेरिकेतल्या रिचमंड विद्यापीठाच्या डिजिटल स्कॉलरशिप लॅबने ती २०१६ मध्ये सुरू केली. १९३० च्या दशकात एका सरकारी संस्थेने तिथल्या दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे बनवून घेतले होते. ते स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवलेले आहेत. शहर निवडा, झूम करा, एखाद्या वस्तीवर क्लिक करा. त्या वस्तीला कोणती श्रेणी दिली होती आणि का, हे बाजूला उघडतं. सगळा डेटा फुकट डाउनलोडही करता येतो. ऑनलाइन नकाशांचा संशोधनात उपयोग काय, असं कुणी विचारलं तर उत्तर म्हणून ही एक लिंक पाठवली तरी पुरे.

या पोस्टमध्ये मला त्या नकाशाचं कौतुकही करायचं आहे आणि त्याच्या वापराबद्दल एक तक्रारही. तक्रार अशी की नकाशा वापरायला इतका सोपा झालाय, की हाती लागलेला जुना कागद म्हणजेच अन्यायाचं कारण, असं बरेच जण गृहीत धरतात. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही चूक नीट समजून घ्यायला हवी, कारण नकाशा वापरणाऱ्या कुठल्याही विषयात ती होऊ शकते.

नकाशा मुळात कशाचा आहे?

महामंदीत लाखो लोकांची घरं कर्जापायी जायची वेळ आली, तेव्हा १९३३ मध्ये अमेरिकी सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ ही संस्था काढली. अभ्यासक तिला ‘होल्क’ म्हणतात. बुडत आलेली गृहकर्जं स्वतःकडे घेऊन लोकांना सोप्या हप्त्यांवर नवी कर्जं द्यायची, हे तिचं काम. अशी सुमारे दहा लाख कर्जं तिने दिली. पुढे १९३५ ते १९४० या काळात तिने साधारण चाळीस हजारांवर लोकसंख्या असलेल्या शहरांची पाहणी केली. स्थानिक इस्टेट एजंट आणि कर्ज देणाऱ्या संस्थांची माणसं यांच्या मदतीने वस्त्यांना चार श्रेणी दिल्या. ए म्हणजे हिरवा, बी निळा, सी पिवळा आणि सगळ्यात ‘धोक्याची’ डी म्हणजे लाल.

प्रत्येक वस्तीचा एक फॉर्म भरलेला असे. या साइटचं खरं मोल त्या फॉर्ममध्ये आहे. घरांचं वय, भाडं, रहिवाशांचं उत्पन्न यांच्या शेजारीच परदेशात जन्मलेले किती आणि कृष्णवर्णीय किती, असे रकाने आहेत. वस्तीत कोणाची ‘घुसखोरी’ होते आहे, असाही एक रकाना आहे. वंशभेद इथे कुणाच्या मनात शोधावा लागत नाही. सरकारी फॉर्मवर त्याचा छापील रकानाच आहे. रॉबर्ट नेल्सन, लाडेल विनलिंग, रिचर्ड मार्सियानो आणि नेथन कॉनोली यांच्या गटाने हे फॉर्म नकाशाला जोडले, हे फार मोठं काम आहे. एरवी हा कागद बघायला अभिलेखागारात जाऊन बसावं लागलं असतं.

लोकप्रिय गोष्ट आणि तिच्यातली फट

एखाद्या वस्तीला सरसकट कर्ज किंवा विमा नाकारणं, याला रेडलायनिंग म्हणतात. केनेथ जॅक्सन यांच्या १९८५ च्या ‘क्रॅबग्रास फ्रंटियर’ या पुस्तकामुळे होल्कचे नकाशे त्या चर्चेच्या मध्यभागी आले. साइट आल्यावर तर गोष्ट अगदी सुटसुटीत झाली: सरकारने लाल रंग दिला, म्हणून कर्ज थांबलं, म्हणून वस्ती उतरणीला लागली, म्हणून आजही तिथे गरिबी आहे.

आता तारखा बघा. होल्कचं कर्जवाटप १९३६ च्या मध्यात संपलं. बहुतांश कर्जं नकाशे तयार होण्याआधीच दिली गेली होती, आणि त्यांतली बरीच पुढे लाल झालेल्या वस्त्यांत गेली होती. म्हणजे होल्कने स्वतःची कर्जं या नकाशांवरून नाकारली, हे म्हणणं टिकत नाही. खाजगी बँकांनी नाकारली असतील का? एमी हिलियर यांनी २००३ मध्ये फिलाडेल्फियाबद्दल दाखवलं की हे नकाशे फारसे वाटले गेले नव्हते, आणि कर्ज देणारे त्या वस्त्या आधीपासूनच टाळत होते. साइटच्या निर्मात्यांपैकीच एक असलेल्या विनलिंग यांनी टॉड मिक्नी यांच्यासोबत २०२० मध्ये लेख लिहून होल्कने कृष्णवर्णीयांनाही कर्जं दिल्याचं मांडलं. नकाशा बनवणारा माणूस स्वतःच्या नकाशाचा सोपा अर्थ असा मोडून दाखवतो, हे आपण शिकण्यासारखं आहे.

मग रंग बघून हे का कळत नाही? कारण वस्ती कुठे आहे हे हा नकाशा उत्तम सांगतो, पण आधी काय घडलं आणि नंतर काय, हे तो सांगत नाही. कर्ज १९३४ चं, श्रेणी १९३७ ची आणि खालचे रस्ते आजचे, हे सगळं डोळ्यांना एकाच क्षणी दिसतं. त्यातून लाल रंग इतका ठसठशीत, की तोच कर्ता वाटायला लागतो. फॉर्म क्लिकच्या मागे आहे, रंग मात्र उघडल्या उघडल्या समोर. साइटबद्दल माझी रचनेची तक्रार असेल तर ती एवढीच आहे.

दुसरी गोष्ट झूमची. मूळ नकाशे अख्ख्या शहराचे. स्क्रीनवर मात्र तुम्ही एका घरापर्यंत झूम करू शकता, आणि रेघ त्या घराच्या भिंतीला लागून गेलेली दिसते. ती अचूकता मूळ कागदात नव्हती, ती स्क्रीनने दिली आहे.

मग खरा दोषी कोण?

इथे प्रश्न निव्वळ पद्धतीचा राहत नाही. १९३४ मध्ये ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ ही वेगळी संस्था निघाली. तिने गृहकर्जांना सरकारी विमा दिला. हा विमा मुख्यतः नव्या, गोऱ्यांच्या उपनगरांकडे गेला. कृष्णवर्णीय वस्त्या तिने सुरुवातीपासून वगळल्या, आणि घर विशिष्ट वंशाच्या माणसाला विकायचं नाही असे करार असणं तिच्या नियमपुस्तिकेत चांगलं मानलं जाई. या संस्थेचे स्वतःचेही नकाशे होते, पण त्यांतले फार थोडे आज हाती लागतात.

बघा काय झालं ते. जिच्या निर्णयांचा परिणाम जास्त, तिचे नकाशे जवळपास गेले. जिचे नकाशे टिकले, स्कॅन झाले आणि शेपफाइल होऊन तुमच्या लॅपटॉपवर आले, ती आरोपी ठरली. होल्क निर्दोष होती असं मी म्हणत नाही. तिचे फॉर्म वाचल्यावर कुणी म्हणणारही नाही. पण सगळा दोष एका नकाशावर टाकला, तर विमा नाकारणारे, करार लिहिणारे आणि नंतरच्या काळात त्या वस्त्यांतून महामार्ग नेणारे अलगद सुटतात. ज्यांची घरं गेली त्यांच्या वारसांना आज भरपाई मागायची असेल, तर कोणी काय केलं हे नेमकं माहीत असणं त्यांच्यासाठी महत्त्वाचं आहे.

चांगला वापर कसा दिसतो?

२०२० मध्ये हॉफमन, शांडास आणि पेंडल्टन यांनी १०८ शहरी भागांवर होल्कच्या श्रेणी आणि जमिनीचं तापमान एकमेकांवर ठेवलं. लाल वस्त्या बहुतेक ठिकाणी जास्त तापलेल्या निघाल्या. काही शहरांत फरक ७ अंश सेल्सिअसपर्यंत होता. या अभ्यासाने उष्णतेचा प्रश्न झाडं, डांबर आणि सत्ता यांच्याशी जोडला, म्हणून तो मोलाचा आहे. पण ‘जुन्या लाल वस्त्या आज जास्त तापतात’ आणि ‘लाल रंगामुळे त्या तापतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बातम्यांत पहिल्याचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये तसं होऊ देऊ नका.

कारणाचा दावा करायचाच असेल तर किती मेहनत पडते, ते आरनसन, हार्टली आणि मझुमदार यांच्या कामात बघा. त्यांनी रेघेच्या दोन्ही बाजूंची, अगदी लगतची घरं तपासली. रेघ आखण्याआधीच दोन्ही बाजूंत फरक होता, हे मान्य करून तुलनेसाठी वेगळ्या सीमा शोधल्या. शिवाय चाळीस हजारांची अट वापरून, नकाशा झालेली शहरं आणि थोडक्यात राहिलेली शहरं यांची तुलना केली. डेटातली उणीव तुलनेसाठी वापरायची, ही कल्पना मला फार आवडते. त्यांना नकाशांचा परिणाम सापडला. इतर अर्थशास्त्रीय इतिहासकारांना ते पटलेलं नाही. वाद चालू आहे, आणि दोन्ही बाजू वाचल्याशिवाय या नकाशावर पेपर लिहू नये.

हे सगळं अमेरिकेचं झालं, पण सवय आपल्यालाही लागू पडते. समजा, तुम्ही मुंबईतल्या घोषित झोपडपट्ट्यांच्या सीमा घेऊन त्यावर पाणीपुरवठा किंवा आजारपणाचा लेयर टाकलात. ‘घोषित’ हा १९७१ च्या कायद्याखालचा प्रशासकीय निर्णय आहे. अघोषित वस्ती तुमच्या नकाशात कोरी दिसेल, आणि कोरी जागा म्हणजे अडचण नाही असं वाचलं जाईल.

म्हणून कुठलाही तयार लेयर डाउनलोड केल्यावर, तो सॉफ्टवेअरमध्ये उघडायच्या आधी वहीत पाच प्रश्न लिहा. ही रेघ कोणी आखली? कोणत्या वर्षी? ती कोणाच्या हातात पडली? तिच्यावरून कोणी खरंच काही निर्णय घेतला का, याचा पुरावा काय? आणि याच काळातला कोणता नकाशा आज माझ्याकडे नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला अनेकदा इंटरनेट सोडून कार्यालयाच्या दप्तरात जावं लागतं. प्रबंधातलं नवं काही असलं तर बहुधा तिथेच मिळतं. तोवर ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ उघडा, एक शहर निवडा आणि रंग न बघता आधी दहा फॉर्म वाचा. मग रंग बघा. दोन्हीतून दिसणारं शहर सारखंच आहे का, ते कमेंटमध्ये जरूर सांगा.